पंचावन्न मिनिटांचे कोल्हापूर

मुंबईहून कोल्हापूर किती लांब आहे, हा प्रश्न चार जणांना विचारून पाहा. चौघे चार उत्तरे देतील आणि गंमत अशी की चारही बरोबर असतील. रेल्वेचा माणूस म्हणेल, पाचशे अठरा किलोमीटर. मोटारवाला म्हणेल, पावणेचारशेच्या आसपास, पुढे घाटातल्या गर्दीवर अवलंबून. विमानाचा माणूस म्हणेल, तीनशे दहा. आणि आमची आई हयात असती तर ती म्हणाली असती, "एक रात्र." तिच्या लेखी कोल्हापूर म्हणजे कल्याणला गाडीत बसायचे, दशम्या खायच्या, एक झोप काढायची आणि उजाडता उजाडता मिरजेला जागे व्हायचे.

अलीकडे ह्या चार उत्तरांत पाचव्याची भर पडली आहे. विमानाच्या तिकिटावर ते छापलेले असते. सुटण्याची वेळ ११.५०, पोहोचण्याची १२.४५. म्हणजे मुंबई-कोल्हापूर अंतर पंचावन्न मिनिटे! आम्ही बदलापूरचे लोक. बदलापूरहून मुंबईच्या बोरीबंदराला जलद लोकलने जायलासुद्धा सव्वा तासाच्या वरच लागतो. तेव्हा बोरीबंदरापेक्षा कोल्हापूर जवळ आले म्हणायचे! हा काय चमत्कार आहे, ते मी कागद-पेन्सिल आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन एकदा नीट तपासले. त्या तपासाची ही हकीकत.

नकाशावरचे गणित

प्रथम अंतर. विमानाचे अंतर काढायला फार विद्या लागत नाही. घरात मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह असला की पुरे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे सगळीकडे जवळजवळ सारखेच. रेखांशाचे अंतर मात्र उत्तरेकडे जावे तसे आकसत जाते. आपल्या महाराष्ट्रात एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०५ ते १०६ किलोमीटर धरावे. कोल्हापूरचा विमानतळ मुंबईच्या विमानतळापेक्षा सुमारे २.४२ अंश दक्षिणेला आणि १.४२ अंश पूर्वेला आहे. म्हणजे खाली २६९ किलोमीटर आणि आडवे १५०. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण आठवा. दोन्ही बाजूंचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. कर्ण येतो ३०८. पृथ्वीच्या गोलाईचा फरक एवढ्या लहान अंतरात नगण्य असतो.

वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, असे ते सोयीचे माप आहे. त्या हिशेबाने कोल्हापूर मुंबईहून १६५ सागरी मैलांच्या थोडे पुढे.

रेल्वे ह्याच प्रवासाला ५१८ किलोमीटर का घेते? कारण ती बिचारी जमिनीवरची. बोरघाट चढून पुण्याला जायचे, तिथून सातारा, सांगली करीत मिरजेपर्यंत खाली उतरायचे आणि मग पश्चिमेला तोंड फिरवून कोल्हापुरात शिरायचे. डोंगर, नद्या आणि पूर्वीच्या संस्थानांच्या हद्दी ह्यांना वळसे घालीत रूळ गेले. विमानाला ही कटकट नाही.

आता वेळ. लहान जेट विमान ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने जाऊ शकते. पंख्यांची जी विमाने छोट्या विमानतळांवर दिसतात, ज्यांना एटीआर म्हणतात, ती ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातात. मग ३१० किलोमीटरला जेटला पंचवीस मिनिटे पुरायला हवीत. तिकिटावर पंचावन्न कशी? इथे सर्वसामान्य प्रवाशाचा हिशेब चुकतो.

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसतेच. चाकांना लावलेले अडसर काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते, आणि दुसऱ्या गावी ते थांबून चाकांना पुन्हा अडसर लागले की बंद होते. विमान कंपन्यांच्या भाषेत हा 'ब्लॉक टाइम'. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, रांगेत उभे राहणे आले, चढणे आले, उतरणे आले. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगाने जात नाही. लांबच्या प्रवासात हा वेळ खपून जातो. दीड हजार किलोमीटरमधून अर्धा तास गेला तर कळत नाही. तीनशे किलोमीटरमधून गेला तर निम्मा प्रवास त्यातच जातो. पूर्ण उंचीवर जाऊन पूर्ण वेग गाठावा तोवर उतरायला लागण्याची वेळ झालेली असते. दादर सोडून गाडी वेग घेते न घेते तोच कुर्ला यावे, तसे.

त्यातून मुंबई. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा असते. छोट्या गावाहून आलेले छोटे विमान ह्या गर्दीत शिरताना, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, पान मांडले जाईपर्यंत बाजूला ताटकळते. आकाशात ताटकळणे म्हणजे घिरट्या घालणे. कंपन्या हा वेळ आधीच तिकिटात धरून ठेवतात.

महालक्ष्मीने की विमानाने?

एवढे पुस्तकी ज्ञान झाल्यावर अनुभवाकडे वळू. तो माझ्यावर अचानकच आला. २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी थोरली बहीण कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. यजमान गेल्यापासून एकटीच. मुलगा परदेशी. दुपारी चारच्या सुमारास तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला की ताई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आहे, आणि उद्या सकाळी नऊला शस्त्रक्रिया ठरली आहे.

आमच्या घरात एकच गलका झाला. सून म्हणाली, "बाबा, विमानानेच जा." तिचे बोलणे चुकीचे नव्हते. त्या वेळी मुंबईहून कोल्हापूरला विमान रोज नव्हते, आठवड्यातले काही ठरावीक दिवसच होते. पण योगायोगाने दुसऱ्या दिवशी होते. सकाळी साडेदहाला निघून अकरा वीसला पोहोचणार. पन्नास मिनिटे! सगळ्यांना हायसे वाटले. मी मात्र कागद घेतला. अकरा वीसला उतरणार, बारा वाजेपर्यंत रुग्णालयात. शस्त्रक्रिया नऊला. आणि त्या साडेदहाच्या विमानासाठी बदलापूर पहाटे साडेपाचला सोडायचे. उलट रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सव्वानऊच्या सुमारास कल्याणला येते आणि साडेसातपर्यंत कोल्हापूर गाठते. पन्नास मिनिटांचे विमान दहा तासांच्या गाडीपेक्षा चार तास उशिरा पोहोचत होते!

चार्ट लागल्यावर उरलेली एक बर्थ नशिबाने मिळाली. पावणेआठला घर सोडले, लोकलने कल्याण गाठले, गाडीत बसलो. झोप कसली लागते! पण गाडी आपले काम करीत होती. सकाळी आठच्या आत मी ताईच्या खाटेशी उभा होतो. तिला आत न्यायला अजून तासभर अवकाश होता. मला पाहून तिने विचारले,

"आलास? विमानानं आलास काय रे?"

"नाही ताई, महालक्ष्मीनं आलो."

"मग अंबाबाईनंच आणलं म्हण की तुला!"

एवढ्या वेदनेत ती हसली. कागदांवर सही करायला घरचे माणूस हजर होते आणि आत जाताना तिचा हात माझ्या हातात होता. त्या दिवशी माझ्या लेखी कोल्हापूर-मुंबई अंतर पाचशे अठरा किलोमीटरच होते, आणि तेच सर्वांत कमी होते.

महालक्ष्मीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हीच गाडी २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरला निघाली आणि आमच्या बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी, मध्ये गाडी. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, आपत्ती निवारण दलाच्या होड्या आल्या, नौदलाची माणसे आली, हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली, चामटोली भागातले गावकरी धावले, आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. तेव्हा कोणतेच वाहन नेमाचे नाही. गाडीला पूर आडवा येतो, विमानाला धुके आणि ढग. मोठ्या विमानतळांवर वैमानिकाला ढगांतून खाली आणणारी यंत्रे असतात. अनेक लहान विमानतळांवर ती नसतात, आणि धावपट्टी डोळ्यांनी दिसली नाही तर विमान दुसऱ्याच गावी जाते किंवा माघारी फिरते.

घड्याळ लावून केलेला परतीचा प्रवास

ताईची शस्त्रक्रिया उत्तम झाली. मुलगाही येऊन पोहोचला. परतताना भाच्याने हट्टाने विमानाचे तिकीट काढून दिले. म्हटले, चला, आता तपास पुरा करू. खिशात छोटी वही ठेवली आणि प्रत्येक टप्प्याची वेळ टिपली.

सकाळी ९.४५ ला राजारामपुरीतून रिक्षात बसलो. १०.१० ला उजळाईवाडीच्या विमानतळावर. हा विमानतळ आजकालचा नव्हे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने तो १९३९ साली झाला. मध्ये कित्येक वर्षे तिथे प्रवासी विमान येत नव्हते. पुढे धावपट्टी वाढली, आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारतही उभी राहिली. मी गेलो तेव्हा जुनीच इमारत होती. विमानाच्या तासभर आधी सामान देण्याची खिडकी बंद होते, म्हणून सगळे लवकर येतात आणि मग नुसते बसतात. आमचे पन्नासएक आसनांचे विमान ११.५० ऐवजी ११.५८ ला हलले. १२.०५ ला चाके जमिनीवरून सुटली.

खाली पंचगंगेचे वळण दिसले, उसाचे चौकोन दिसले, पुढे सह्याद्रीची रांग आली. चहा पिऊन होईतो विमान उतरू लागले. मी उजव्या खिडकीशी होतो. हवा स्वच्छ होती. आणि अकस्मात ओळखीचा सुळका दिसला. मलंगगड! त्याच्या पलीकडे इमारतींचे पांढरे ठिपके, मध्ये नदीची रेघ. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, सगळा आमचा मुलूख ताटात वाढल्यासारखा समोर. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने ह्याच बाजूने येतात. रोज गच्चीवरून आम्ही पाहतो ती हीच. घड्याळ पाहिले, १२.३९. त्या क्षणी माझे घर माझ्यापासून आठ-दहा किलोमीटरवर होते.

विमान टेकले १२.४६ ला. थांबले १२.५६ ला. पेटी हातात घेऊन बाहेर पडलो तेव्हा १.२५. घाटकोपर गाठेपर्यंत २.१५. लोकल २.२५ ची. बदलापूर ३.२५. स्टेशनाबाहेर रिक्षाची रांग, आणि घराचा उंबरठा ३.४५.

आता बेरीज पाहा. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सहा तास, म्हणजे ३६० मिनिटे. त्यांपैकी हवेत ४१. जेमतेम नववा भाग. वाट पाहण्यात आणि सामान घेण्यात दोन तासांच्या वर गेले. आणि घर डोळ्यांनी पाहिल्यानंतर घरी पोहोचायला तीन तास सहा मिनिटे लागली. कोल्हापूरहून मलंगगडावर यायला त्यांपैकी पाऊण तासही लागला नव्हता!

ह्यात विमानाला बोल लावण्याचा हेतू नाही. गाडीने गेलो तर दाराशी दार बारा तास, विमानाने सहा. सहा तास वाचले, ते खरेच. पण पंचावन्न मिनिटांच्या आशेने निघालेल्याला सहा तास फार वाटतात आणि रात्रीच्या झोपेत गेलेले बारा तास मोजलेच जात नाहीत. गाडी रात्र घेते, विमान दिवस घेते.

छोटी विमाने का बंद पडतात?

लहान विमानतळांचे कोडे इथेच आहे. सरकारने २०१६ साली 'उडान' योजना आखली. २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली मार्गावर पहिले विमान सुटले. त्याच वेळी आपल्या नांदेडहून हैदराबादचीही सेवा सुरू झाली. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या जागांपुरते अडीच हजार रुपयांच्या आत भाडे, आणि कंपनीला येणाऱ्या तुटीची तीन वर्षे भरपाई, अशी कल्पना. कल्पना उत्तम. पण २०२३ साली महालेखापरीक्षकांनी पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला तो विचार करायला लावतो. ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतले ११२ मार्ग तीन वर्षे पुरी करू शकले, आणि भरपाई थांबल्यावरही टिकले ते अवघे ५४.

असे का व्हावे? वर सांगितलेले गणित त्यामागे आहे. तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात रेल्वे आणि मोटार ह्यांच्यापुढे विमानाची आघाडी थोडी. ती थोडी आघाडीही केव्हा, तर विमान रोज असेल, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल आणि विमानतळ घराजवळ असेल तेव्हा. आठवड्यातून तीन दिवस असणाऱ्या विमानाची सरासरी वाट पाहणेच एक दिवसाच्या वर होते. मग आकाशात त्याने दहा मिनिटे वाचवली काय आणि वीस काय!

ह्याउलट एक परदेशी उदाहरण पाहा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या दोन बेटांच्या मध्ये जगातले सर्वांत आखूड नियमित विमान चालते. अंतर पावणेतीन किलोमीटर! वेळापत्रकात दोन मिनिटे. वारा अनुकूल असता एकदा ५३ सेकंदांतही ते पोहोचले आहे. आपल्या अंबरनाथ-उल्हासनगर स्टेशनांइतकेच अंतर. लोकांना ही चैन वाटेल. पण मध्ये खवळलेला समुद्र आहे, आणि शिक्षक, डॉक्टर, रुग्ण त्या विमानाने जातात. किती किलोमीटर वाचले ह्याला तिथे महत्त्व नाही. मध्ये काय आडवे आहे, ह्याला आहे.

आपल्याकडे समुद्राच्या जागी सह्याद्री आहे. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातले चिपी हे दोन लहान विमानतळ. चिपीचा ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. दोघांत सरळ रेषेने अंतर ११० किलोमीटर. वर सांगितलेल्या रीतीने स्वतः काढून पाहा. पंख्याच्या विमानाला हवेत वीस-पंचवीस मिनिटे. जमिनीवरून मात्र गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली ह्यांपैकी एक घाट उतरायचा, पावसाळ्यात दरड कोसळली की थांबायचे. आजारी माणसासाठी ती पंचवीस मिनिटे सोन्याची ठरतील. उलट चिपीहून गोव्यातला मोपा विमानतळ सरळ रेषेने पंचेचाळीसच किलोमीटर. मोठा शेजारी इतका जवळ असला की धाकट्याची दुकानदारी कठीण होते, हे कुठल्याही वाण्याला सांगायला नको.

आमच्या दाराशी असलेला विमानतळ

आता एक गोष्ट सांगतो, जी मुंबईच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. विमानतळापर्यंत पोहोचायला तीन तास लागतात म्हणून हळहळणाऱ्या ह्या आमच्या मुलुखात एक विमानतळ ऐंशी वर्षांपासून आहे. काटई-बदलापूर रस्त्यावर, मलंगगडाच्या वाटेला, नेवाळी गावाजवळ.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ फौजेची मोठी छावणी वसवली. ती कल्याण कॅम्प. तिच्याच जोडीला नेवाळीची धावपट्टी. त्यासाठी आसपासच्या गावांतली दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, पट्टीवर गवत वाढले. शेतकरी म्हणत आले की ही जमीन लढाईपुरती घेतली होती, ती परत मिळावी. नौदलाने जमीन आपली असल्याचे सांगितले आणि कुंपणाची भिंत बांधायला घेतली. २२ जून २०१७ ला असंतोषाचा भडका उडाला. रस्ते अडवले गेले, गाड्या पेटल्या, पोलिसांचा मार खाऊन माणसे जखमी झाली, पोलिसही जखमी झाले. त्या दिवशी इथे राहणारा कोणीही ते विसरलेला नाही. भाताची ती खाचरे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या नातवंडांनी आपल्या आजोबांच्या शेतातून कधी विमान उडताना पाहिले नाही आणि शेतही परत पाहिले नाही.

मुंबईला आणखी विमानतळ हवा अशी चर्चा निघाली की नेवाळीचे नावही अधूनमधून निघे. मी कुतूहलाने अंतर काढले. नेवाळी ते जुहू, दोन्ही लहान विमानतळ, सरळ रेषेने साधारण पस्तीस किलोमीटर. लहान विमानाला दहा-बारा मिनिटे. पण आता गणिताच्या दुसऱ्या बाजूला दीड हजार एकर मांडा आणि मग सांगा, ती दहा मिनिटे कोणाची आणि किंमत कोणी दिली. नव्या विमानतळाच्या घोषणेत मिनिटांचा हिशेब मोठ्या अक्षरांत असतो, एकरांचा बारीक अक्षरांत.

जुहू आणि कराची

जुहूचे नाव निघाले म्हणून आणखी एक आठवण. १९२८ साली सुरू झालेल्या ह्याच जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा एकटे विमान चालवीत कराचीहून टपाल घेऊन उतरले. वाटेत अहमदाबादेला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरले होते. सकाळी कराची, दुपारी जुहू. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर. आपल्या देशाच्या नागरी विमानवाहतुकीचा पाया त्या दिवशी घातला गेला. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी तोच प्रवास पुन्हा केला.

ह्या उड्डाणानंतर पंधरा वर्षांनी त्याच कराचीहून, सिंधच्या गावागावांतून, फाळणीने उखडलेली लाखभर माणसे कल्याण कॅम्पच्या बराकींत येऊन राहिली. त्यांतले फार थोडे विमानाने आले. बहुतेक बोटीने आणि गाडीने. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथले एक वयोवृद्ध दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मी त्यांना हे अंतरांचे वेड सांगितले तेव्हा त्यांनी काउंटरवरच्या कपड्याच्या ताग्यावर बोट फिरवीत विचारले, "मास्तर, कराचीला किती वेळ लागेल हो?" मी म्हटले, "दादा, सव्वा-दीड तास." ते म्हणाले, "मला तर सत्त्याहत्तर वर्षं झाली, अजून पोहोचलो नाही."

कराची-मुंबई विमान २०१७ साली बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. ८७० किलोमीटर आहेत तिथेच आहेत.

आता पुढे

आमच्या भागाला आता नवी आशा आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. बदलापूरहून सांताक्रूझ सरळ रेषेने चाळीस किलोमीटर. हा नवा विमानतळ पंचवीस. माणूस पंचवीस ऐकून खूश होतो. पण कावळ्याला पंचवीस, आपल्याला नव्हे. लोकलने जायचे तर आधी उलट्या दिशेने ठाण्याला जा, तिथे गाडी बदला आणि मग पनवेलच्या बाजूला या. रस्त्याने जायचे तर नेवाळी, तळोजा ह्या वाटेवरच्या ट्रकांच्या रांगेची परीक्षा द्या. बदलापूर-पनवेल हा तुकडा सरळ झाला, तर माझ्या वहीतल्या ३६० मिनिटांतली शंभरएक मिनिटे सहज गळतील. ती वाचवायला वेगवान विमान नको. एक बरा रस्ता आणि वेळेवर येणारी बस पुरे.

तेव्हा वाचकहो, ह्यापुढे कोणी तुम्हाला म्हणाले की अमुक गाव आता पंचावन्न मिनिटांवर आले, तर त्याला तीन गोष्टी विचारा. विमान रोज आहे का? तुमच्या घरापासून विमानतळ किती वेळावर? आणि तिकडे उतरल्यावर पुढे काय? ह्या तिन्हींची उत्तरे चांगली असतील तर खुशाल विमानाने जा, खिडकीची जागा घ्या आणि सह्याद्री वरून पाहा. ते दृश्य पैसे वसूल करणारे आहे. नसतील तर रात्रीची गाडी आहेच.

आमची ताई आता काठी घेऊन हिंडते. यंदा भाऊबीजेला मला बोलावले आहे. विमानाची वेळ पाहिली, गाडीची पाहिली, आणि तिकीट महालक्ष्मीचे काढले. ओवाळणी सकाळची आहे.